टोकावरचं ऊन

सीप गावातलं ऊन कधी संपलं हे सूर्य ठरवत नाही, तोपगे ठरवतो, असं नदीपलीकडच्या नीन गावात हसून म्हणत. तोपगेच्या कानावर ते यायचं आणि तो खूश व्हायचा. त्यात टोमणा आहे हे त्याला कळत नसे असं नाही. पण टोमण्यात का होईना, आपलं नाव सूर्याच्या शेजारी घेतलं जातंय, हे काय थोडं झालं?

दोन्ही गावं समोरासमोर. मध्ये बुढी गंडकीची खोल दरी आणि दरीवर झुलता पूल. नीनचं तोंड दक्षिणेला, म्हणून तिथे हिवाळ्यातही अंगणात बसून मेंढीची लोकर कातता येते. सीप मात्र दक्षिणेकडच्या डोंगराच्या पोटाशी, त्याच्याच सावलीत. थंडीत सूर्य खाली उतरला की तो त्या डोंगराच्या मागून मागूनच जातो आणि बावन्न दिवस सीपला तोंड दाखवत नाही. समोर नीनमध्ये कोंबड्या उन्हात पंख पसरून पडलेल्या दिसतात आणि इकडे सीपमध्ये हंड्यातलं पाणी दुपारीसुद्धा फोडून घ्यावं लागतं.

म्हणून फार पूर्वी नीनच्या कुणा बापाने सीपला मुलगी देताना सांगितलं होतं, मुलगी देतो, पण तिचं ऊन देत नाही. तेव्हापासून रीतच पडली. सावली पडली की सीपमध्ये दिलेल्या नीनच्या लेकी पूल ओलांडून माहेरी जातात आणि ऊन परत आलं की परत येतात. ते बावन्न दिवस सीपच्या चुली नवरे आणि सासवा सांभाळतात. सासवा बोलून घेतात, नवरे हात भाजून घेतात, पण रीत मोडायची कुणाची छाती नाही.

सावली पडली हे सांगायचा मान तोपगेच्या घराचा. गावामागच्या उंचवट्यावर एक चोर्तेन आहे, पांढऱ्या चुन्याचा छोटा स्तूप, डोक्यावर मुलामा दिलेलं तांब्याचं टोक. घरांवरचं ऊन आठवडाभर आधीच गेलेलं असतं. सगळ्यात शेवटी उरतं ते त्या टोकावरचं, तेसुद्धा दुपारी, वाटीभर चहा प्यायला लागतो तेवढा वेळ. तोपगेने मांडीवर शंख घेऊन बाजूच्या सपाट दगडावर बसायचं. आकाश स्वच्छ असून ज्या दिवशी टोकावर ऊन आलं नाही, त्या दिवशी शंख फुंकायचा. शंख ऐकला की नीनमधल्या आया चुलीवर पाणी ठेवायच्या. एकतीस वर्षं तोपगे त्या दगडावर बसत होता आणि एकदाही त्याची चूक झाली नव्हती. गावात त्याच्या दुसऱ्या कुठल्याच गोष्टीबद्दल असं म्हणता आलं नसतं.

या वर्षी त्याच्या घरातही नीनची सून होती. मुलगा ल्हुंडुप, त्याचं लग्न वसंतात झालं. सून नामडोल, नीनच्या छोंजोरची मुलगी.

तोपगेची बायको बुटी सीपचीच. चांगली बाई, कष्टाळू, पण तिच्या हातचं ढिंडो, पाण्यात शिजवलेलं घट्ट पीठ, भिंतीच्या भेगा बुजवायला चाललं असतं. चौतीस वर्षं तोपगेने ते तक्रार न करता गिळलं, कारण दुसरं काही असतं हे त्याला माहीतच नव्हतं. नामडोल आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने बटाट्याची धिरडी केली. कडेने कुरकुरीत, मध्ये मऊ, वर चौरी गाईच्या लोण्याचा गोळा आणि बाजूला तिरफळासारखं तिमूर घालून वाटलेली चटणी. पहिला घास तोंडात धरून तोपगे डोळे मिटून बसला. बुटीला वाटलं ठसका लागला.

आणि नामडोल हसायची. तोपगेकडे एकच चांगली गोष्ट होती सांगायला. लग्नानंतर एकदा तो संध्याकाळी बटाट्याच्या शेतावर गेला. काळी घोंगडी पांघरून कुणीतरी बटाटे उकरत होतं. सासू आपल्या मदतीला आली असं वाटून त्याने वाकून, दोन्ही हात जोडून नमस्कार केला, ख्यालीखुशाली विचारली, आणि मग अस्वलाने मान वर केली. ही गोष्ट नामडोलने सहा वेळा ऐकली आणि सहाही वेळा पोट धरून हसली. बुटी एकदाही हसली नव्हती. सासू म्हणजे तिची आई होती.

तर असं होतं. मंगसिर महिना लागला, घरांवरचं ऊन गेलं, आणि नामडोलने आपलं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं. ते गाठोडं पाहिलं की तोपगे बोटांवर दिवस मोजू लागायचा. बावन्न दिवस ढिंडो. बावन्न दिवस एकही हसणं नाही.

ज्या दिवशी सावली पडायला हवी होती त्या दिवशी आकाश घासलेल्या परातीसारखं होतं. तोपगे दगडावर बसला. दुपार झाली. डोंगराचा माथा मागच्या उजेडाने पेटल्यासारखा दिसू लागला, पण सूर्य काही वर आला नाही. टोक मंदच राहिलं. तोपगेने सुस्कारा सोडला, ओठ ओले केले, शंख उचलला.

आणि टोकावर ऊन आलं.

तोपगेने शंख खाली ठेवला. डोळे चोळले. ऊनच होतं, चांगलं पिवळं. थोडा वेळ थरथरलं, सरकलं आणि गेलं.

एक गोष्ट मात्र त्याच्या नजरेतून सुटली नाही. एकतीस वर्षं शेवटचं ऊन यायचं ते टोकाच्या डोंगराकडच्या गालावर. आज आलं ते नदीकडच्या गालावर. सूर्य डोंगरामागे, आणि ऊन समोरच्या गालावर. डोळ्यांनी ते पाहिलं, पण तोपगेने ते मनापर्यंत जाऊ दिलं नाही. नियम काय सांगतो? टोकावर ऊन आहे तोवर शंख नाही. गालाबिलाचं नियमात काही नाही.

घरी येऊन तो म्हणाला, "अजून एक दिवस."

नामडोलने गाठोड्याकडे पाहिलं, त्यातून कंगवा काढला, केस विंचरले आणि कंगवा परत ठेवला. "बरं आपा," ती म्हणाली. "मग आज धिरडी करू?"

"कर की," तोपगे म्हणाला. फार लवकर म्हणाला. बुटीने चुलीपलीकडून त्याच्याकडे एकदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. पण या वेळी ऊन आल्याबरोबर तोपगेने मागे वळून पलीकडे पाहिलं. नीनमध्ये छोंजोरच्या अंगणात भिंतीशी काहीतरी असं लखलखत होतं की डोळा ठरेना. तेव्हा त्याला सगळं कळलं. छोंजोरने छतासाठी पत्रे आणले होते, खालून खेचरांवर लादून, कोरे करकरीत बारा पत्रे. ते त्याने भिंतीला टेकवून उभे ठेवले होते. दुपारचा सूर्य त्यांच्यावर पडायचा आणि तिथून उडी मारून दरी ओलांडून सरळ सीपच्या चोर्तेनच्या टोकावर येऊन बसायचा.

पत्रे अजून छतावर का चढले नव्हते? कारण जावई बायकोला पोचवायला आला की दोन दिवस राहून ते ठोकून देणार होता. शंख वाजला की जावई, जावई आला की छत. आणि पत्रे भिंतीशी असेपर्यंत शंख वाजायचा नाही. बाप लेकीची वाट पाहत होता आणि लेकीची वाट त्याच्याच अंगणात अडली होती.

तोपगेला हसू आलं आणि लगेच भीतीही वाटली. इतक्यात पलीकडून हाक आली. त्या दरीत आवाज छान जातो. दोन्ही गावांतली निम्मी भांडणं अशीच होतात, पूल न ओलांडता.

"ओ व्याही," छोंजोर ओरडत होता. "शंखात उंदीर शिरला का?"

"टोकावर ऊन आहे अजून."

"इकडच्या म्हाताऱ्या म्हणतात, काल जायला हवं होतं."

"म्हाताऱ्यांना सांगा, ऊन इकडून बघावं लागतं."

"तुम्हीच बघा बाबा, तुमचे डोळे. पण पोरीला लवकर धाडा. पत्रे ताटकळलेत."

तोपगेने घसा साफ केला. आता एक वाक्य बोलायचं होतं, पत्रे जरा आडवे करा. चार शब्द. ते जिभेच्या टोकापर्यंत आले आणि तिथे त्यांना तिमूरच्या चटणीची आठवण आडवी आली.

"धाडू की," तो ओरडला. "ऊन कुठे पळून जातंय?"

घरी बुटी गुडघ्याला गरम वाळूची पुरचुंडी लावून बसली होती. थंडी आली की तिचा डावा गुडघा तिच्याशी बोलणं सोडायचा. "आजही नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"ऊन, ऊन. काय करतात एवढं उन्हाचं? चाटतात?"

"आमा, तुम्ही हिवाळ्यात कधी पलीकडे राहिलात?" नामडोलने विचारलं. ती बटाटे किसत होती.

"कुणाकडे राहू? माझं माहेर म्हणजे त्या कोपऱ्यावरचं घर. तिथे जाऊन काय करायचं? तिकडची सावली इकडच्यापेक्षा गोड थोडीच आहे." बुटीने पुरचुंडी दुसऱ्या बाजूला फिरवली. "दहा वर्षांची असताना एकदा गेले होते, मावशीबरोबर बियाणं आणायला. तिथल्या भिंतीला पाठ लावून बसले. भिंत ऊबदार होती. दगडाची भिंत, आणि ऊबदार. मावशीने दोनदा हाका मारल्या तरी उठले नाही. मग कानशिलात बसली."

तोपगे तिथेच खेटराची वादी दुरुस्त करत होता. चौतीस वर्षांत ही गोष्ट त्याने ऐकली नव्हती. तो अस्वलाचीच सांगत आला होता.

तिसऱ्या दिवशी दगडावर तो एकटा नव्हता. नीनच्या बाकीच्या चारही सुना आल्या होत्या. त्यांतली थोरली डोल्कर, जिभेला हाड नाही असं जिच्याबद्दल गावात बोललं जायचं, ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमची गाठोडी बांधून तीन दिवस झाले, काका. माझा नवरा गाठोड्यावर बसून जेवायला लागलाय."

"मी काय करू पोरी? सूर्य माझं ऐकणाऱ्यातला नाही."

"एरवी तर तुम्हीच ठरवता म्हणून सांगता."

बाकीच्या हसल्या. नामडोल मागे उभी होती, हाताला पीठ तसंच. दुपार झाली, माथा पेटला, टोक मंद राहिलं आणि मग टोकावर ऊन आलं. चौघींनी माना टाकल्या. डोल्कर काहीतरी पुटपुटली, जे चोर्तेनजवळ पुटपुटू नये.

नामडोल मात्र टोकाकडे पाहत राहिली. मग तिने डोंगराकडे पाहिलं. मग खांद्यावरून मागे वळून नदीपलीकडे, आपल्या बापाच्या अंगणाकडे पाहिलं. मग तोपगेकडे पाहिलं. तोपगे शंखाच्या आत काही सापडतंय का ते बघू लागला.

ती हाताचं पीठ झटकत घरी गेली. त्या दुपारी धिरडी रोजच्यापेक्षा मोठी होती आणि लोणी दुप्पट. ताट पुढे ठेवत ती हळूच म्हणाली, "खा आपा. अजून किती दिवस खायची ते तुम्हालाच माहीत."

घास तोपगेच्या तोंडात फिरू लागला. त्याने बुटीकडे पाहिलं, ती वाळू गरम करत होती. मुलाकडे पाहिलं, तो खात होता. ल्हुंडुप खाताना दुसरं काही करत नसे.

जरा वेळाने तोपगे अंगणात गेला. नामडोल लाकडं रचत होती. तो तिच्या शेजारी उभा राहून लाकडं मोजल्यासारखं करू लागला.

"त्यांना सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"काय सांगायचं?"

"काही नाही."

"एकतीस वर्षं तुमची चूक झालेली नाही म्हणतात," नामडोल म्हणाली. "लग्न ठरवताना माझ्या बापाने गावभर सांगितलं, ज्या घरात देतोय तिथला माणूस सूर्यालाही खोटं बोलू देत नाही. मी म्हटलं, बघू तर." तिने शेवटचं लाकूड ठेवलं. "धिरडी मी परत आल्यावरही करणार आहे, आपा. माहेरी पिठाचा हात विसरून येत नाही कुणी."

एवढं बोलून ती आत गेली. तोपगे लाकडांपाशी उभा राहिला. समोर दरीपलीकडे ऊन होतं, आणि त्या उन्हात छोंजोरची बायको आपल्या लेकीसाठी अंथरूण वाळत घालत होती. तीन दिवस ती तेच अंथरूण वाळत घालत होती. आता ते वाळून वाळून करकरीत झालं असणार.

चौथ्या दिवशी अर्धं गाव चोर्तेनपाशी जमलं. सीपच्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत ऊन इतकं कधी रेंगाळलं नव्हतं. काहींना वाटलं हे शुभ आहे. एकाचं म्हणणं होतं की डोंगर खचत चालला. डोल्करचं म्हणणं वेगळं होतं आणि ते ती मोठ्याने सांगत होती. पलीकडे छोंजोर अंगणाच्या कठड्यावर चढून उभा होता.

माथा पेटला. टोक मंद राहिलं. तोपगेने शंख उचलला, ओठ ओले केले आणि वाट पाहिली.

टोकावर ऊन आलं, नदीकडच्या गालावर, पिवळं, थरथरतं. आणि तोपगेने भर उन्हात शंख फुंकला.

लोक एकमेकांकडे पाहू लागले. शंख दरीत घुमला, पलीकडच्या कड्यावर आपटून परत आला. नीनमध्ये कुणीतरी नक्कीच चुलीवर पाणी ठेवलं असणार.

"काका," डोल्कर म्हणाली, "ऊन तर आहे."

"आहे. पण ते आपलं नाही," तोपगे म्हणाला. "ते छोंजोरच्या पत्र्यांचं आहे. बघा, कोणत्या गालावर आलंय. आपलं ऊन गेलं त्याला आज चौथा दिवस."

सगळ्यांनी मान वळवून पलीकडे पाहिलं, आणि त्या लखलखाटाने सगळ्यांनी एकदमच डोळे मिटले.

"हे तुम्हाला आज कळलं?" डोल्करने विचारलं.

इथे एक हो म्हटलं असतं तर भागलं असतं. तोपगेने नामडोलकडे पाहिलं. ती आपल्या पायांकडे पाहत होती, त्याला अडवतही नव्हती आणि ढकलतही नव्हती.

"नाही," तो म्हणाला. "गाल पहिल्याच दिवशी दिसला. पत्रे दुसऱ्या दिवशी."

"मग?"

"मग धिरडी," तोपगे म्हणाला.

त्याला वाटलं आता लोक चिडतील. लोक चिडले नाहीत. आधी एक म्हातारा खुदकला, मग त्याच्या शेजारचा, आणि मग सगळा उंचवटा हसू लागला. चिडले असते तर बरं, असं तोपगेला झालं. एकतीस वर्षांचा मान बटाट्याच्या धिरड्यावर गेला होता आणि हे आता नातवंडांपर्यंत सांगितलं जाणार होतं, अस्वलाच्या गोष्टीच्या जोडीला.

तेवढ्यात पलीकडून हाक आली. "शंख वाजला ना? मग टोकावर ते काय चमकतंय?"

"तुमचे पत्रे," डोल्कर ओरडली.

पलीकडे छोंजोर वळून आपल्याच भिंतीकडे पाहू लागला. मग त्याचा आवाज आला, "म्हणजे माझ्या पोरीला मीच धरून ठेवलं?"

"तुम्ही धरलं, तुमच्या व्याह्यांनी सोडलं नाही," डोल्करने सांगितलं.

छोंजोर कठड्यावरून उतरला. थोड्या वेळाने तो लखलखाट एक एक करून विझला. पत्रे आडवे होत होते. टोक काळवंडलं, आणि सीपमध्ये त्या वर्षीची सावली खरोखरच पडली.

आता दंडाचं आलं. उन्हाच्या राखणदाराने चुकवलेले दिवस सुनांना दुप्पट परत द्यायचे, असं डोल्करने जाहीर केलं. अशी रीत आहे का, हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण चूकच कधी झाली नव्हती. पण डोल्करने सांगितल्यावर ती रीत आहे असंच सगळ्यांना वाटू लागलं. आजचा धरून चार दिवसांचे आठ. सुना आठ दिवस उशिरा परतणार. सीपच्या नवऱ्यांनी तोपगेकडे असं पाहिलं की त्याने शंख छातीशी घट्ट धरला. पुढच्या वर्षीपासून दगडावर त्याच्या शेजारी नीनची एक सून बसेल, हेही ठरलं.

"मला उशीर नको," नामडोल म्हणाली. "मी ऊन परत आलं की लगेच येते. माझे आठ दिवस आमांना द्या. त्या माझ्याबरोबर येतील."

सगळ्यांनी बुटीकडे पाहिलं. बुटी काठी टेकत मागाहून आली होती आणि नुकतीच दगडावर टेकली होती. "मी कुठे मागितले?" ती म्हणाली. "माझं काय माहेर आहे तिकडे?"

"माझं आहे ना. दोघींना पुरेल."

"लोक काय म्हणतील, सासू सुनेच्या माहेराला."

"काय म्हणायचं ते आजच म्हणून घेतील. सगळे इथेच आहेत."

"माझा गुडघा पूल नाही ओलांडायचा."

"गुडघ्यालाच तर न्यायचंय," नामडोल म्हणाली. "तुम्ही सोबत म्हणून या."

बुटीने नवऱ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, हा काहीतरी म्हणेल, जेवणाचं काय, चौऱ्यांचं काय. तोपगेच्या मनात दोन्ही आलं. पण त्याला ती ऊबदार भिंत आठवली आणि त्यावर पाठ टेकून बसलेली दहा वर्षांची मुलगी, जी हाका मारूनही उठेना. "जा," तो म्हणाला. "दंड माझा आहे. तो मलाच भरू दे."

दुसऱ्या दिवशी ल्हुंडुप बायकोला आणि आईला घेऊन पुलावरून गेला. पुलाच्या मध्यावर बुटी थांबली आणि काठीने मागे खूण करत काहीतरी म्हणाली. वाऱ्याने ते नेलं. तोपगेने अंदाज केला की ते पिठाच्या डब्याबद्दल असावं.

ल्हुंडुप छत ठोकून दोन दिवसांनी परत आला. मग बापलेक दोघंच. पहिल्या दिवशी तोपगेने ढिंडो केलं, आणि बुटीचं ढिंडो किती मऊ असायचं हे त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी ल्हुंडुपने केलं आणि ते कुत्र्याने हुंगून तसंच ठेवलं. त्यानंतर त्यांनी सातू चहात कालवून खाल्ला आणि एकमेकांना दोष दिला नाही.

आठ दिवस झाले. नववा झाला. दहावाही. दहाव्या दिवशी तोपगे अंगणात उभा राहून ओरडला, "बुटी, ए बुटी."

पलीकडे छोंजोरच्या भिंतीला पाठ लावून बसलेली एक आकृती हलली. "काय हो, ल्हुंडुपचे आपा?"

"आठ दिवस झाले."

"कोण म्हणतं?"

"मी मोजलेत."

"तुम्ही मोजलेत म्हणूनच विचारतेय."

भिंतीपाशी दोन-तीन बायका हसल्या, ते दरी ओलांडून स्पष्ट ऐकू आलं. तोपगेने टोपीखाली डोकं खाजवलं. चौतीस वर्षांत बुटीने असं काही म्हटलं नव्हतं. किंवा म्हटलं असेल आणि ऊन नसल्यामुळे त्याला दिसलं नसेल.

अकराव्या दिवशी दुपारी तो दाराशी बसून बटाटे किसत होता. नामडोलकडून त्याने दरीपलीकडून ओरडून कृती विचारली होती, आणि त्यामुळे ती आता दोन्ही गावांना पाठ होती. तव्यावर पहिलं धिरडं एका बाजूने करपलं, दुसऱ्या बाजूने कच्चं राहिलं. ते हातात घेऊन तो बाहेर आला, आणि त्याच्या तोंडावर ऊन पडलं.

मंगसिरच्या शेवटी, सीपमध्ये, दारात. तोपगेने डोळ्यांवर हात धरला. पलीकडे छोंजोरच्या अंगणात एक पत्रा लखलखत होता. बारांतला एक उरला असणार. त्या पत्र्यामागे, दोन्ही हातांनी तो धरून, बुटी उभी होती. गुडघा तिला उभं राहू देत होता, असं दिसलं.

ऊन त्याच्या अंगावरून सरकलं आणि अंगणात फिरलं. न झाडलेल्या कोपऱ्यावर थांबलं. मग दोरीवरच्या मळक्या सदऱ्यावर थांबलं. मग पुन्हा त्याच्यावर येऊन उभं राहिलं.

"झाडतो," तोपगे ओरडला. "आत्ताच झाडणार होतो."

ऊन हललं नाही. त्याने करपलेलं धिरडं उंच धरून दाखवलं. तरीही हललं नाही. तेव्हा तोपगेने ते धिरडं दाराच्या चौकटीवर ठेवलं, टोपी काढली, आणि एकेकाळी बटाट्याच्या शेतात केला होता तसा, वाकून, दोन्ही हात जोडून, पत्र्याला नमस्कार केला. "सासूबाई," तो ओरडला, "बऱ्या आहात ना?"

पत्रा हलू लागला. ऊन तोपगेच्या अंगावरून भिंतीवर गेलं, भिंतीवरून छपरावर, छपरावरून आभाळात आणि पुन्हा खाली, कसं म्हणून एका जागी ठरेना. मग दरीपलीकडून हसण्याचा आवाज आला. तोपगेने तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता, पण तो कुणाचा आहे हे त्याला लगेच कळलं.

तो थोडा वेळ तसाच वाकून राहिला. मग उठला, केरसुणी घेतली आणि अंगण झाडायला लागला. ऊन सापडेल तिथे तिथे, त्याच्या मागोमाग.